उपकारस्तुती आणि आनंदाची उपासना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आभार मानणे आणि स्तुती करणे यांत फरक आहे का? दोन्ही एकच नाही का?

दोन्ही एकमेकांत मिसळतात, पण एकच नाहीत. देवाने जे दिले, जे केले त्याबद्दल आपण आभार मानतो. स्तुती करतो ती तो जसा आहे त्याबद्दल. ‘काल तू मला वाट दाखवलीस’ हे आभार, आणि ‘तू वाट दाखवणारा देव आहेस’ ही स्तुती. पहिल्या वाक्यात दान दिसते, दुसऱ्यात दाता. आभार तिथेच थांबले तर ते पावतीसारखे होतात. उलट, एकाही घटनेचा आधार नसलेली स्तुती लवकरच पाठ केलेल्या विशेषणांची रांग होते.

स्तोत्रसंहितेत उपकारस्तुतीसाठी जो हिब्रू शब्द येतो तो ‘तोदा’. त्याचा मूळ अर्थ मान्य करणे, कबूल करणे. यहोशवाच्या पुस्तकात (७:१९) आखानाला पाप कबूल करायला सांगितले आहे, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे उपकारस्तुती ही एक कबुली आहे: हे मी कमावलेले नाही, ते तुझ्याकडून आले.

मराठीत एक अडचण आहे. ‘काय उपकार केलेस!’ असे आपण टोमणा मारतानाच जास्त म्हणतो. त्यामुळे ‘उपकार’ म्हटले की ओझे, मिंधेपणा, फेडायचे काहीतरी असे मनात येते. इथे तो अर्थ बाजूला ठेवावा. हे उपकार फेडायचे नसतात, आठवायचे असतात. १०३ वे स्तोत्र आपल्या जिवाला एवढेच बजावते की त्याच्या उपकारांपैकी एकही विसरू नकोस.

स्तोत्र १०० मध्ये आधी दारातून उपकारस्तुती करत आणि मग अंगणात स्तवन करत या, असे का सांगितले आहे?

कारण ते खरोखर आत येणाऱ्या माणसांसाठीचे गीत आहे. हे स्तोत्र उपकारस्तुतीसाठी आहे असे त्याच्या मथळ्यातच लिहिले आहे. अवघ्या पाच वचनांत सात आज्ञा आहेत: जयघोष करा, सेवा करा, या, ओळखा, आत प्रवेश करा, आभार माना, धन्यवाद द्या. बरोबर मधली, चौथी, आज्ञा ‘ओळखा’ ही आहे. आनंदाच्या आरोळ्यांच्या ऐन मध्यावर डोके चालवायला सांगितले आहे: तो देव आहे, त्याने आपल्याला घडवले, आपण त्याची मेंढरे आहोत.

शेवटच्या वचनात कारण दिले आहे. देव चांगला आहे, त्याची दया टिकणारी आहे, त्याची सत्यता पिढ्यान्‌पिढ्या राहते. ‘आज मला बरे वाटते आहे’ हे कारण त्यात कुठेही नाही. म्हणूनच मन जड असलेल्या दिवशीही या दारातून आत येता येते.

मात्र याचे गणित करू नये. ‘पाच मिनिटे आभार म्हणजे दार, दहा मिनिटे स्तवन म्हणजे अंगण, त्यानंतर देवाची उपस्थिती’ अशी पायऱ्यांची किल्ली हे स्तोत्र देत नाही. आत कुठल्या चेहऱ्याने यावे, एवढे ते सांगते.

जुन्या करारात उपकारस्तुतीचे अर्पण नेमके कसे होत असे? आज त्याचा काय उपयोग?

लेवीय ७:११-१५ वाचताना बरेच जण पाने उलटतात, आणि नेमके तिथेच पुष्कळ काही सापडते. हे अर्पण शांत्यर्पणाचा (देवाशी सलोख्याच्या, पंगतीत खाल्ल्या जाणाऱ्या अर्पणाचा) एक प्रकार होते. पशूबरोबर चार प्रकारच्या भाकरी आणायच्या: तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, तेल चोपडलेल्या बेखमीर चपात्या, तेलात चांगल्या भिजवलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि त्यांच्या जोडीला खमीर घातलेली भाकर. प्रत्येक प्रकारातली एक याजकाला मिळे. उरलेले अर्पण करणाऱ्याने आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी खायचे, तेही त्याच दिवशी. मांसातले काहीही सकाळपर्यंत ठेवायचे नाही.

हा शेवटचा नियम लक्षात घेण्यासारखा आहे. नवसाच्या किंवा खुशीच्या अर्पणाचे मांस दुसऱ्या दिवशीही चालत असे (लेवीय ७:१६). उपकारस्तुतीचे चालत नसे. यहुदी परंपरेने प्रत्येक प्रकारच्या दहा अशा एकूण ४० भाकरी मोजल्या आहेत. त्यांतल्या चार याजकाच्या, म्हणजे ३६ भाकरी आणि पशूचे वाट्याला आलेले सगळे मांस एका दिवसात संपवायचे. एका घराने ते होणे नाही, माणसे बोलवावीच लागतात. आणि माणसे जेवायला बसली की कोणीतरी विचारणारच, ‘आज कशाबद्दल?’ मग घडलेली हकीगत सांगावी लागते. नियमामागचे कारण शास्त्र तिथे सांगत नाही, पण परिणाम उघड आहे.

खमिराचेही तसेच. वेदीवर खमीर जाळायला मनाई होती (लेवीय २:११). इथे मात्र खमिराची भाकर, म्हणजे रोजच्या जेवणातली साधी भाकर, अर्पणाच्या जोडीला चालते. ती वेदीवर जात नाही, पण पंगतीत असते.

यातून आज घेण्यासारख्या गोष्टी तीन. उपकार आठवला त्याच दिवशी तो बोलून दाखवावा. तो एकट्याने उरकू नये, निदान एका माणसाला तरी सांगावा. आणि त्यात काहीतरी खरोखर वाटले जावे: जेवण, वेळ, पैसा, जे असेल ते. नुसता ‘धन्यवाद प्रभू’ हा शब्द त्या मानाने फार स्वस्त पडतो.

मन आनंदी नसताना आनंदाने उपासना करणे हे ढोंग नाही का?

वाटत नाही ते वाटते असे म्हटले तर ढोंगच आहे. पण स्तोत्रकर्ते तसे करत नाहीत.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि तरी या संग्रहाचे हिब्रू नाव ‘स्तवने’ असे आहे. म्हणजे तक्रारसुद्धा देवापुढे मांडली की स्तवनाच्या पुस्तकात बसते. १३ वे स्तोत्र सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवटच्या वचनात गाणे येते. मधे परिस्थिती बदलल्याचे एका शब्दानेही सांगितलेले नाही. ८८ व्या स्तोत्रात तर शेवटीही गाणे येत नाही, ते अंधारातच संपते. तेही तसेच ठेवले आहे, कोणी त्याला सुखान्त जोडलेला नाही.

तेव्हा जड दिवशी क्रम असा ठेवावा. आधी तक्रार, पूर्ण आणि मोठ्याने, देवाला उद्देशून. ‘देव असे का करतो’ असे त्याच्याविषयी बोलू नका, ‘तू असे का करतोस’ असे त्याच्याशी बोला. मग थोडे थांबा. त्यानंतर देवाविषयी एकच वाक्य, जे आजही तुम्हाला खरे वाटते. ‘तू माझा आनंद आहेस’ हे ओठांवर येत नसेल तर म्हणू नका. ‘तू ऐकतोस’ एवढे म्हणता येते का? तेही जड वाटत असेल तर ‘तू ऐकतोस असे पूर्वी मी मानत होतो, आजही तुझ्याशीच बोलतो आहे.’ छोटे पण खरे वाक्य मोठ्या उसन्या वाक्यापेक्षा चांगले. दहा मिनिटे पुरतात. ताणत बसलात तर शेवटची पाच मिनिटे अभिनयात जातात.

हबक्कूक अंजीर फुलत नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशी सगळी यादी आधी वाचतो आणि मग ‘तरी’ म्हणतो (३:१७-१८). यादी गाळून थेट ‘तरी’वर उडी मारली की ते वचन भिंतीवरच्या तक्त्यापुरते उरते.

एक सावधगिरी: आठवडेच्या आठवडे झोप, भूक, कामातली इच्छा हरवली असेल, जगणे नको वाटत असेल, तर ते उपकारस्तुती कमी पडल्यामुळे आहे असे समजू नका. डॉक्टरकडे जा आणि प्रार्थनाही करा.

‘प्रत्येक गोष्टीत’ आभार मानायचे की ‘प्रत्येक गोष्टीबद्दल’?

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा असे लिहिले (१ थेस्सल. ५:१८) आणि इफिसच्या मंडळीला ‘सर्व गोष्टींबद्दल’ (इफिस. ५:२०). दोन्ही वचने आहेत, एक दाखवून दुसरे झाकणे बरोबर नाही. पण दुसऱ्या वचनाचा अर्थ ‘वाईटालाही चांगले म्हणा’ असा नाही. कारण वाईटाला चांगले म्हणणाऱ्यांना यशयाने धारेवर धरले आहे (५:२०).

योहानाच्या अकराव्या अध्यायात हे सगळ्यांत स्पष्ट दिसते. लाजराच्या कबरेजवळ येशू रडला, आणि त्याच कबरेपाशी उभे राहून त्याने पित्याचे आभार मानले. कशाबद्दल? लाजर मेला याबद्दल नाही. पित्याने ऐकले याबद्दल. मरणाबद्दल अश्रू आणि पित्याबद्दल आभार, काही वचनांच्या अंतराने, एकाच तोंडून.

म्हणून आजार, अत्याचार, फसवणूक, मृत्यू यांच्यासाठी जबरदस्तीने ‘धन्यवाद’ म्हणायची गरज नाही. त्या स्थितीत जे तुटले नाही त्याबद्दल म्हणा. आणि हा नियम स्वतःपुरताच ठेवा. नुकतेच माणूस गमावलेल्या घरात जाऊन ‘तरी उपकार माना’ असे सांगणे हा अडाणीपणा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडले आणि बिघडले.

रोज घरी कसे करावे? नेमकी पद्धत सांगा.

पंधरा मिनिटांत बसते. वेळ एकच ठरवा, जागा एकच. ९२ वे स्तोत्र सकाळी देवाची दया आणि रात्री त्याची सत्यता सांगायला म्हणते. मंदिरातल्या लेव्यांनाही रोज सकाळी व संध्याकाळी उपकारस्तुतीसाठी उभे राहण्याचे काम होते (१ इतिहास २३:३०). सुरुवातीला दोन्ही वेळा धरू नका, एकच धरा.

पहिली दोन मिनिटे गप्प. पुढची पाच मिनिटे मागचे चोवीस तास उलटे चाला: आत्तापासून मागे, कालच्या याच वेळेपर्यंत. मागून पुढे आले की ठरलेली कामे तेवढी आठवतात, उलटे गेले की मधले बारीकसारीक प्रसंग सापडतात. त्यांतले तीन वहीत लिहा. प्रत्येकात काय घडले, कोणाच्या हातून घडले आणि त्यात देव कसा दिसला, हे यावे. तिसरा भाग सगळे गाळतात, आणि तोच आभाराकडून स्तुतीकडे नेतो. मग त्या तीन प्रसंगांपैकी एक मोठ्याने, देवाशी थेट ‘तू’ म्हणून बोला. नंतर एक छोटे स्तोत्र वाचा किंवा गा. वाचायचे असेल तरी आवाज काढून, कानाला ऐकू येईल असे. शेवटचे मिनिट एका कृतीसाठी ठेवा: आज कोणाला काय सांगायचे, काय द्यायचे ते एका ओळीत लिहा.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने दिवसाच्या परीक्षणाची जी पाच पायऱ्यांची पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरीही आभारांचीच आहे. चुका शोधणे त्याच्या नंतर येते. क्रम उलटा केला तर संध्याकाळची प्रार्थना रोज आरोपीच्या पिंजऱ्यातून सुरू होते.

तीन-चार दिवसांनी वहीत तेच तेच येऊ लागते. काय चुकते?

‘कुटुंब, आरोग्य, अन्न, निवारा’ अशी यादी होते, हो ना? चूक ही की तुम्ही प्रकार लिहिता, प्रसंग लिहीत नाही. प्रकार रोज तेच असतात, प्रसंग रोज नवे. ‘कुटुंबाबद्दल आभार’ याऐवजी ‘रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा न सांगता उठून कपाळावर घड्या ठेवल्या, त्या हातांबद्दल’. वाक्यात क्रियापद हवे, वेळ हवी, माणूस हवा. यांतले काहीच नसेल तर ते वाक्य कुठल्याही वर्षीच्या कुठल्याही दिवशी चालेल, आणि मन ते ओळखते. ते कंटाळते त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी चूक मोठ्या गोष्टींची वाट पाहणे. यहुदी परंपरेत दिवसाला १०० आशीर्वचने म्हणण्याची शिकवण आहे: भाकरीसाठी वेगळे, फळासाठी वेगळे, विजेच्या कडकडाटासाठी वेगळे. शंभर मोजायचे म्हटले की मोठे चमत्कार पुरतच नाहीत, पाण्याच्या घोटापर्यंत उतरावे लागते.

वही अगदीच कोरडी पडली तर १३६ वे स्तोत्र साचा म्हणून घ्या. २६ वचने, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याची दया सनातन असल्याचे तेच पालुपद. पहिली तीन वचने हाक देतात, चौथ्यापासून नवव्यापर्यंत सृष्टी, दहाव्यापासून बाविसाव्यापर्यंत इस्राएलाचा इतिहास, मग आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली ही गोष्ट, आणि शेवटाआधी एकदम साधे: तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. समुद्र दुभंगण्याच्या रांगेत रोजचे जेवण बसवले आहे. याच क्रमाने स्वतःच्या दहा ओळी लिहा: दोन हाकेच्या, दोन सृष्टीच्या, चार स्वतःच्या आयुष्यातल्या घटनांच्या, एक अगदी वाईट काळाची, एक जेवणाची. प्रत्येक ओळीनंतर पालुपद. घरात दोघे असतील तर एकाने ओळ म्हणावी, दुसऱ्याने पालुपद. अर्ध्या तासात होते आणि वर्षभर वापरता येते.

माझा आवाज चांगला नाही. गायलाच हवे का? टाळ्या, नाच, हात उंचावणे?

स्तोत्र १०० ची पहिली आज्ञा जयघोषाची आहे, म्हणजे आरोळीची. आरोळीला सूर लागत नाही. दावीद कराराच्या कोशापुढे नाचला आणि त्याची बायको मीखल हिने त्याला तुच्छ लेखले (२ शमुवेल ६). हन्नेचे मात्र नुसते ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला ती प्यायलेली वाटली (१ शमुवेल १). दोघांनाही बाहेरून पाहणाऱ्याने चुकीचे जोखले. शरीर काही ना काही करत असतेच, तेव्हा निदान ताठ बसा, तोंड उघडा. बाकी शेजाऱ्याचे हात मोजू नका.

मंडळीच्या उपासनेत आनंद ‘चढत’ नाही. कुठे बिघडते?

बहुतेक वेळा आधी साध्या जागी बिघडते आणि खापर आत्मिक कारणांवर फोडले जाते.

पट्टी. गायनवृंदातल्या मुख्य गायकाला सोयीची पट्टी बाकीच्यांना उंच पडते. सामान्य माणसाला एका सप्तकाहून जेमतेम थोडा जास्त पल्ला झेपतो. गीताचा सगळ्यांत वरचा स्वर आधी पाहा आणि तो न ताणता लागेल अशी पट्टी ठरवा. लोक दुसऱ्या कडव्याला गप्प झाले तर बहुधा हेच कारण.

नवी गीते. एका उपासनेत एकापेक्षा जास्त नवे नको, आणि जे घेतले ते पुढचे तीन-चार आठवडे पुन्हा घ्या. ओळख नसलेल्या चालीवर माणूस शब्द वाचतो, देवाशी बोलत नाही.

आवाज. लोकांना एकमेकांचा आवाज ऐकू आला पाहिजे. ध्वनिक्षेपकाने तो बुडवला तर ती मैफल झाली. निदान एक कडवे वाद्यांशिवाय गाऊन पाहा.

शब्द. निवडलेल्या गीतांचे कागद घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. सगळीकडे ‘मी’ आला तर गीत माझ्या भावनेविषयी आहे. एखादे असे चालेल, पाचही नकोत.

आता क्रम. इथे ९५ वे स्तोत्र उत्तम वाटाड्या आहे. त्यात तीन हालचाली आहेत: आधी जयघोष आणि उपकारस्तुती (१-५), मग लवणे आणि गुडघे टेकणे (६-७), आणि शेवटी ‘आज त्याची वाणी ऐकाल तर मन कठीण करू नका’ हा इशारा (७-११). उत्साह चढला की पहिल्या हालचालीतच फिरत राहण्याचा मोह होतो: आणखी एक वेगवान गीत, आणखी एकदा धृपद. पण स्तोत्र उंचावर थांबत नाही. ते खाली वाकवते आणि मग ऐकायला लावते. म्हणून शेवटच्या गीतानंतर एक पूर्ण मिनिट शांतता ठेवा, घड्याळ लावून. वाद्यांची हलकी गुणगुणसुद्धा नको. पहिल्या दोन आठवड्यांत लोक चुळबुळ करतील, नंतर सवय होते.

साक्षी घ्यायच्या असतील तर दोन मिनिटांच्या घ्या, आदल्या दिवशी ठरवून, एका घटनेपुरत्या. आयत्या वेळी ‘कोणाला काही सांगायचे आहे का’ असे विचारले की दर वेळी तेच तिघे उठतात.

आणि सराव म्हणजे आत्म्याला अडवणे, हा समज सोडा. दावीदाच्या व्यवस्थेत गायनात तरबेज असे २८८ जण होते, बारा-बारांचे २४ वर्ग (१ इतिहास २५).

आभार मानताना अहंकार शिरतो का?

शिरतो. परूशी मंदिरात उभा राहून आभारच मानत होता: मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच (लूक १८:११). त्याच्या प्रार्थनेचा पहिला शब्द अगदी योग्य आहे. बिघाड ‘इतरांसारखा’ या शब्दात आहे.

आपल्या ओठांवर हे सौम्य रूपात येते: ‘लोकांचे काय काय हाल आहेत, त्या मानाने आपण सुखी, देवाची कृपा.’ दुसऱ्याच्या दुःखाच्या मापाने आपले सुख मोजलेले. तपासायची सोपी रीत आहे. ज्याच्याशी तुलना करता तो माणूस शेजारी बसला असता तर हे वाक्य मोठ्याने म्हणता आले असते का? नसते, तर ते आभार नव्हेत. त्याच माणसासाठी त्याच मिनिटाला प्रार्थना करा.

स्तुती केली की तुरुंगाची दारे उघडतात, शत्रू हरतात, असे शिकवले जाते. खरे आहे का?

घटना खऱ्या आहेत, त्यांतून काढलेला नियम चुकीचा आहे. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, पाठ फटक्यांनी सोललेली, पाय खोड्यात (प्रे. कृत्ये १६). दारे उघडली. पण ते पळाले नाहीत, तिथेच थांबले. सुटकेसाठी गात असते तर उघडे दार दिसताच निघाले असते. यहूदाचा राजा यहोशाफाट याने सैन्यापुढे गाणारे ठेवले हेही खरे (२ इतिहास २०:२१), पण देवाचे अभिवचन आदल्या दिवशीच मिळाले होते. गाणे त्या अभिवचनाला दिलेले उत्तर होते.

‘देव स्तवनांवर विराजमान आहे’ हे २२ व्या स्तोत्रातले वचन (२२:३) फार सैलपणे वापरले जाते. त्याआधीची दोन वचने कोणी वाचत नाही. ते स्तोत्र ‘तू मला का सोडलेस’ या आक्रोशाने सुरू होते.

घरात भांडण, व्यवहारात खोट, आणि उपासनेत आनंद. चालते का?

नाही. आमोसाच्या तोंडून देव म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या (५:२१-२४). येशूने अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवले (मत्तय ५:२३-२४). म्हणजे उपासना अर्धवट टाकून जाण्याची परवानगी आहे, नव्हे आज्ञा आहे. मजुरी थकवली असेल तर ती आधी द्या. कोणाशी बोलणे तोडले असेल तर निदान समेटाचा निरोप पाठवा आणि मग गा. समोरच्याने दाद दिली नाही तर तुमचे अर्पण अडून राहत नाही.

देवाचे आभार मानले की माणसांचे मानायची गरज उरत नाही ना?

उरते. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा, पौल नावानिशी किती जणांची आठवण काढतो ते दिसेल.

दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीत (लूक १७:११-१९) एक बारकावा आहे. न परतलेले नऊ जण आज्ञाभंग करत नव्हते. याजकाला दाखवायला जा असेच त्यांना सांगितले होते आणि ते तिकडेच जात होते. शोमरोनी मात्र वाटेत थांबला, स्वतःकडे पाहिले, मागे वळला, मोठ्याने बोलला. आज्ञा पाळण्याच्या घाईतही आभार राहून जातात, हे सेवाकार्यात बुडालेल्या माणसांनी विशेष लक्षात घ्यावे.

विज्ञानही म्हणते ना, आभाराची वही लिहिली की मन सुधारते?

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना स्वतःचे आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. चांगले आहे. पण त्या वहीत ‘तू’ असायची गरज नव्हती. उपासनेत तीच गरज आहे. मन हलके झाले आणि देवाशी एक शब्दही बोलणे झाले नाही, असे सहज होऊ शकते.

मुलांना कसे शिकवावे?

हातात काहीतरी देऊन. अनुवाद २६ मध्ये प्रथमफळाची टोपली घेऊन जायचे, ती याजकापुढे ठेवायची आणि आपल्या पूर्वजांची गोष्ट तोंडाने सांगायची, असा विधी आहे: भटका अरामी, मिसरातली गुलामी, सुटका, आणि आता ही टोपली. वस्तू, गोष्ट, मग आनंद. त्या आनंदात लेवी आणि परदेशीही धरलेले. घरी हेच लहान प्रमाणात करा. जेवण झाल्यावर (आधी नव्हे, अनुवाद ८:१० पोटभर खाल्ल्यानंतरचे आभार सांगते) प्रत्येकाने आजचा एक प्रसंग एका वाक्यात सांगायचा. मोठ्यांनी आधी. ‘म्हण, देवाचे आभार म्हण’ असे दटावू नका, त्याने मूल शब्द शिकते, आभार नाही. गप्प राहायचे असेल तर राहू द्या.

मध्येच चार दिवस चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे का?

नको. मागची पाने भरून काढायलाही बसू नका. रानातला मान्ना (देवाने इस्राएलाला रोज दिलेले अन्न) दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत (निर्गम १६:२०), आणि विलापगीत ३:२२-२३ देवाची दया रोज सकाळी नवी असते असे म्हणते, तेही उद्ध्वस्त नगराकडे पाहत. आजची तारीख घाला, गेल्या चोवीस तासांतला एक प्रसंग लिहा. तीन नकोत, पहिल्या दिवशी एकच.